बँकॉक : चार दिवस, सहा माणसं, देवळं आणि खरेदी. आखणीसाठी मदत हवी आहे

शमिका_ठाणे
नमस्कार मंडळी. जानेवारीत बँकॉकला चार पूर्ण दिवस आहेत, गुरुवार ते रविवार. सहा जण : आम्ही दोघे, दहा वर्षांची मुलगी, धाकटी नणंद आणि सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखरे, सासूबाई पक्क्या शाकाहारी (कांदा-लसूण चालतो). पट्टाया नको, सफारी नको. राजवाडा, देवळं, नदी, एखादं संग्रहालय आणि भरपूर खरेदी एवढंच हवंय.

प्रश्न असे :
१. मुक्काम कुठे करावा? नदीकाठी की सुखुमवितला?
२. राजवाडा, वाट फो, वाट अरुण (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) एका दिवसात होतं का?
३. खरेदीला नेमकं कुठे जायचं? आणि घासाघीस कुठे चालते?
४. शाकाहाराचं काय?
५. फसवणुकीबद्दल बरंच ऐकलंय. कशापासून सावध राहायचं?

गलबत
मुक्कामाचं आधी ठरवा, बाकीचं आपोआप जमतं. जुनं शहर (रत्तनकोसिन) नदीच्या कडेला आहे. राजवाडा, वाट फो, मोठी संग्रहालयं सगळी तिकडे. नवं शहर, म्हणजे मॉल आणि हॉटेलं, बीटीएस या उन्नत रेल्वेच्या मार्गांवर वसलंय, आणि बीटीएस जुन्या शहरात जातच नाही. भुयारी एमआरटीची निळी मार्गिका मात्र २०१९ पासून सनाम चाय स्थानकापर्यंत जाते. म्हणून हॉटेल असं घ्या की दोन्ही गाड्या पायाखाली असतील. सुखुमवितवर 'असोक' हे बीटीएसचं स्थानक आणि 'सुखुमवित' हे एमआरटीचं स्थानक एकमेकांना जोडलेलं आहे. तिथून सनाम चायला गाडी न बदलता जाता येतं, मधे चायनाटाउनचं वाट मंगकोन स्थानकही लागतं. दुसरा पर्याय साला देंग (बीटीएस) आणि सीलोम (एमआरटी) ही जोडी.

खाओसान रोडला हॉटेलं स्वस्त असतात, पण तिथे गाडी नाही आणि रात्री गोंगाट. सासू-सासऱ्यांसह नको.

हॉटेल बुक करताना 'स्थानकापासून ५०० मीटर' यावर जाऊ नका. लिफ्ट स्थानकाच्या कुठल्या दारापाशी आहे ते नकाशावर बघा. बीटीएसच्या प्रत्येक दाराला लिफ्ट नसते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला दोन मजले चढून-उतरून जावं लागतं. अंतरापेक्षा हा त्रास जास्त.

खलाशी७२
गलबतशी सहमत, पण राजवाड्याला एमआरटीने जाऊ नका. सनाम चायहून वाट फो अगदी जवळ आहे, पण राजवाड्याचं प्रवेशद्वार उत्तरेला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. म्हणजे भिंतीच्या कडेकडेने किलोमीटरभर उन्हात चाल. त्यापेक्षा बीटीएसने सफान ताकसिन, खाली उतरलं की समोर साथोर्न धक्का. तिथून भगव्या झेंड्याची बोट पकडून 'था चांग' (क्र. ९) ला उतरा. धक्क्यापासून प्रवेशद्वार चार-पाच मिनिटं.

झेंडे नीट समजून घ्या. भगवा झेंडा म्हणजे लोकांची रोजची बोट, सरसकट १६ बात, कुठेही उतरा. निळा झेंडा पर्यटकांची बोट, तिचं तिकीट जास्त आणि दिवसभराचा पासही मिळतो. साथोर्नला धक्क्यावर शिरताच निळ्या बोटीचं टेबल आणि खाजगी लांबशेपटी होड्यांचे दलाल दिसतात. 'साधी बोट बंद आहे' असं कोणी म्हणालं तरी पुढे चालत राहा, भगव्याची रांग वेगळी असते. सकाळी आठच्या आसपास गर्दी असते. सासऱ्यांना बसायला हवं असेल तर निळी घ्या, पैसे त्याचेच आहेत.

बोट धक्क्याला जेमतेम अर्धा मिनिट टेकते, दोर बांधून न बांधून. दोघांनी आधी उतरून वडीलधाऱ्यांना हात द्यायचा. उतरायच्या एक धक्का आधीच दाराशी येऊन थांबा.

सिद्धी_म
राजवाड्याचं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा दिवस इथेच बिघडतो.

वेळ : ८.३० ला उघडतो, तिकीट खिडकी ३.३० ला बंद. परदेशी माणसाला ५०० बात. १२० सेंटीमीटरखालच्या मुलांना तिकीट नाही, तुमची लेक बहुधा त्यावर असेल. आठ-सव्वाआठला दारात असा. दहानंतर मोठ्या सहलींच्या बस येतात आणि पाचूच्या बुद्धाच्या मंदिराचं अंगण भरतं. राजघराण्याच्या समारंभांना काही दिवस काही भाग बंद असतो, ते आदल्या दिवशी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघायचं. रस्त्यावरच्या माणसाचं त्याबाबत ऐकायचं नाही.

कपडे : खांदे आणि गुडघे झाकलेले. हाफ पँट, फाटकी जीन्स, बिनबाह्यांचा कुडता, पारदर्शक ओढणीखाली उघडे खांदे : यातलं काहीही चालत नाही. ओढणीने खांदे झाकून भागेल असं समजू नका, परत पाठवतात. रस्त्यापलीकडे हत्तीच्या नक्षीच्या ढगळ विजारी मिळतात, पण सकाळी दारापाशी त्यांचा भाव चढलेला असतो.

आत काय : तिकीट तपासल्यावर आधी वाट फ्रा केओ, म्हणजे पाचूच्या बुद्धाचं मंदिर. पाचूचा बुद्ध उंचीला जेमतेम ६६ सेंटीमीटर आणि बसवलाय खूप उंच, शिवाय तो पाचूचा नसून हिरव्या जेडसारख्या दगडाचा आहे. वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, त्याची वस्त्रं राजा स्वतः बदलतो. जानेवारीत हिवाळ्याचं सोन्याच्या जाळीचं वस्त्र दिसेल. चपला बाहेर, आत फोटो नाही, बसताना पाय मागे दुमडून, बुद्धाकडे तळवे करायचे नाहीत. सासऱ्यांना दुमडून बसता येणार नसेल तर त्यांनी मागच्या बाजूला उभं राहावं, कोणी हरकत घेत नाही.

तिकिटात दोन गोष्टी जोडलेल्या असतात आणि लोक त्या वाया घालवतात. एक, दाराजवळच असलेलं राणी सिरिकित वस्त्रसंग्रहालय : थंडगार, बसायला जागा, उन्हानंतर वडीलधाऱ्यांसाठी उत्तम. दुसरी, साला चालेमक्रुंग नाट्यगृहातला खोन नृत्याचा छोटा प्रयोग, सोमवार ते शुक्रवार. रामकथेतला एक प्रसंग मुखवट्यांसह. तिकडे नेणाऱ्या गाडीची वेळ तिकीट खिडकीवरच विचारून ठेवा. शनिवार-रविवारी हा प्रयोग नसतो, म्हणून राजवाडा गुरुवारी किंवा शुक्रवारी ठेवा.

शमिका_ठाणे
सिद्धी, खूप आभार. साडी आणि पंजाबी ड्रेस चालतील ना? आणि मुलीला रामायणाची चित्रं आहेत असं सांगितलंय, ती कुठे?

सिद्धी_म
साडी चालते, फक्त ब्लाउज बिनबाह्यांचा नको. सलवार-कुडता उत्तम. चित्रांचं कथेकरी सांगतील, त्यांचा हातखंडा आहे.

कथेकरी
वाट फ्रा केओच्या आवाराला चारही बाजूंनी ओवरी आहे, तिच्या आतल्या भिंतीवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलेलं आहे, एकूण १७८ चित्रं. पर्यटक मधल्या सोनेरी स्तूपांचे फोटो काढतात आणि ओवरीत फक्त सावलीसाठी येतात. उत्तरेच्या बाजूला, विहान योत या छोट्या इमारतीसमोर, चित्रांची सुरुवात आहे : नांगरताना सीता सापडते तो प्रसंग. तिथून भिंत डाव्या हाताला ठेवून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालत राहायचं. मध्येच शिरलात तर काहीच कळत नाही, कारण एकाच चित्रात तीन-चार घटना आहेत आणि त्या वेगळ्या करायला रंगाऱ्यांनी मधे डोंगर, झाडं, तटबंदी टाकली आहे.

मुलीला ओळखायच्या खुणा सांगा. फ्रा राम हिरवा. फ्रा लक (लक्ष्मण) सोनेरी. हनुमान पांढराशुभ्र. थोत्सकान म्हणजे रावण, हाही हिरवाच, पण डोक्यांची उतरंड आहे आणि दात बाहेर. हिरव्या रंगावरून गोंधळ होतो, तेव्हा मुकुट आणि चेहरा बघायचा. कथा आपल्या ओळखीची असली तरी बरीच वळणं वेगळी आहेत. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या सुवन्नमच्छा ही रावणाची मुलगी, आणि हनुमानाचं तिच्यावर प्रेम बसतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. :)

कथेचा हा पाठ पहिल्या रामाने, म्हणजे चक्री घराण्याच्या संस्थापक राजाने १७९७ मध्ये सिद्ध करून घेतला. शहरही त्यानेच १७८२ मध्ये वसवलं. आवाराच्या दारांवर जे महाकाय राक्षस उभे आहेत ते याच कथेतले, आणि त्यातली हिरव्या-पांढऱ्या राक्षसांची जोडी (थोत्सकान आणि सहत्सदेच) वाट अरुणच्या दारातही दिसते. मुलीला तिथे ओळखायला लावा.

चित्रांना तास द्या. सासऱ्यांना ओवरीच्या कट्ट्यावर बसता येईल.

खलाशी७२
राजवाड्यानंतर वाट फो. दक्षिणेला चालत दहा-बारा मिनिटं, ज्यांना जमत नाही त्यांनी टुकटुक (आधी भाव ठरवून). तिकीट ३०० बात, त्यात पाण्याची बाटली. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. घाईत लोक डोक्याकडचा फोटो काढून बाहेर पडतात, खरं काम तळपायांवर आहे : शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं. मागच्या भिंतीशी १०८ वाट्या आहेत, सुट्ट्या नाण्यांची वाटी विकत घेऊन एकेकीत एक नाणं टाकायचं. मुलं खूश. इथेच पारंपरिक थाई मालिशची शाळा आहे, राजवाड्याच्या चालण्यानंतर सासऱ्यांना पायांची मालिश करून घ्या, पण गुडघा दुखतो हे आधी दाखवून सांगायचं. थाई मालिश जोरकस असते.

मग था तियेन धक्का, पलीकडे जाणारी तराफा बोट ५ बात, उतरलं की वाट अरुण (२०० बात). उंच मनोऱ्याच्या खालच्या टप्प्यांपर्यंतच चढू देतात, तरी पायऱ्या उभ्या आणि अरुंद आहेत. सासरे खालीच बरे. मनोऱ्यावर चिनी मातीच्या बश्यांचे तुकडे बसवून फुलं केलेली आहेत, ती जवळूनच कळतात.

म्हणजे शमिकाताई, तिन्ही एका दिवसात होतात, पण सकाळी आठला दारात असाल तरच.

ऊनसावली
वाट अरुण संध्याकाळी नको, सकाळी. ते पश्चिम काठावर आहे. सकाळचं ऊन नदीकडच्या बाजूवर थेट पडतं, तेव्हा चिनी मातीचे रंग उठून दिसतात. संध्याकाळी सूर्य मागे जातो आणि समोरून फक्त काळी आकृती दिसते.

खलाशी७२
आकृतीच बघायला लोक था तियेनच्या बाजूला जमतात आणि अंधार पडल्यावर दिवे लागतात ते वेगळंच दिसतं. पण जवळून बघायचं असेल तर सकाळ, हे मान्य. सहा माणसांच्या सोयीत मात्र मी क्रम बदलणार नाही. राजवाड्याची सकाळ गेली तर गेलीच.

पिशवी_भरा
आता मुख्य विषय. खरेदी. :)

चातुचक : शनिवार-रविवार, साधारण नऊ ते सहा. एमआरटीचं कामफेंग फेत स्थानक, दार क्र. २ थेट बाजारात उघडतं. बीटीएसच्या मो चितहून आलात तर फुटपाथवरची अर्धा किलोमीटर गर्दी फुकट मिळते. १५,००० च्या आसपास गाळे आणि २७ विभाग आहेत. मधोमध घड्याळाचा मनोरा, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं ठरवून ठेवा. विभाग ७ चित्रं आणि कलावस्तू, ५-६ जुने कपडे. आवडलेली वस्तू 'फिरून येताना घेऊ' म्हणून सोडलीत तर ती गेली, तो गाळा परत सापडत नाही. नाहीतर गाळ्यावरच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो काढा : विभाग, गल्ली, गाळा. रोख ठेवा. विक्रेत्यांकडचे क्यूआर फलक थाई बँकांसाठी असतात, आपलं कार्ड बहुतेक गाळ्यांवर चालत नाही. अकरानंतर पत्र्याखाली भयंकर उकडतं, म्हणून नऊलाच जा आणि दुपारी शेजारच्या जेजे मॉलमध्ये गारव्याला बसा. पलीकडे ओ टो को बाजार आहे, फळं महाग पण निवडक.

प्लॅटिनम फॅशन मॉल, प्रतुनाम : कपडे. वातानुकूलित, अरुंद गल्ल्या. प्रत्येक दुकानात दोन भाव लिहिलेले असतात, एक नग आणि तीन किंवा जास्त नग. तीन नग एकाच डिझाइनचे पाहिजेत की वेगवेगळे चालतील, हे आधी विचारा. दुकानागणिक नियम वेगळा. घालून बघू देत नाहीत. 'फ्री साइज' म्हणजे तिकडच्या बारीक अंगाचा साइज, आपल्याकडच्या एल-वाल्यांनी छातीचं आणि कमरेचं माप सेंटीमीटरमध्ये लिहून न्यावं आणि दुकानातली टेप लावून बघावी. परत घेणं-बदलून देणं विसरा.

साम्पेंग गल्ली : चायनाटाउनमधली. केसांच्या क्लिपा, मणी, लेस, खेळणी, पिशव्या डझनावर. आपल्या मंगलदास मार्केटच्या गल्लीतून मोटरसायकली आणि हातगाड्याही जायला लागल्या तर जे होईल ते. सासू-सासऱ्यांना नेऊ नका. गल्लीच्या पश्चिम टोकाला फाहुरात, म्हणजे भारतीय वस्ती : कापडाची दुकानं, शिखांचा मोठा गुरुद्वारा, शुद्ध शाकाहारी जेवण. तिथून दहा मिनिटांवर पाक ख्लोंग तलात हा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे ढीग बघून आपल्या दादरच्या माणसालाही थांबावंसं वाटतं. हा रात्री खरा जागा असतो.

एमबीके : मोबाइलची कव्हरं, बॅगा, भेटवस्तू. थोडी घासाघीस चालते. आयकॉनसायम : नदीकाठचा झगमगता मॉल, साथोर्न धक्क्याहून फुकट बोट. तळमजल्यावरचा 'सूकसायम' भाग बघण्यासारखा, थायलंडच्या प्रांतांचे खाऊ आणि हस्तकला एकत्र. वडीलधाऱ्यांना चातुचकपेक्षा हा बरा.

घासाघीस : मॉलमध्ये पाटी लावलेली असेल तर नाही. चातुचकला एका नगावर दहा-पंधरा टक्के, तीन-चार नग घेतले तर जास्त. हसत मागा. आवाज चढवला किंवा अर्ध्यापासून सुरुवात केली की विक्रेता मान फिरवतो आणि विषय संपतो.

कळसूत्री
पिशवीताई, रेशमाबद्दलही सांगा. नणंदेला लागेल.

पिशवी_भरा
सांगते. 'थाई सिल्क, १०० बात' म्हणून मिळतात ते स्टोल पॉलिएस्टरचे. खऱ्या हातमागाच्या रेशमात सूत थोडं जाड-बारीक असतं आणि कापड तिरकं धरलं की रंग बदलतो, कारण उभा-आडवा धागा वेगवेगळ्या रंगाचा असतो. सरकारी मोराचा शिक्का बघा : सोनेरी मोर म्हणजे देशी किड्याचं, हाताने काढलेलं, हातमागावर विणलेलं. त्याखाली रुपेरी, निळा. हिरवा मोर म्हणजे दुसऱ्या धाग्याची भेसळ असलेलं मिश्र कापड, पण तेही प्रामाणिकपणे सांगितलेलं.

सोनं घ्यायचं असेल तर यावरातच्या (चायनाटाउनचा मुख्य रस्ता) लाल दुकानांत घेतात, तिथे शुद्धता ९६.५ टक्के आणि वजनाचं मापही 'बात'च : दागिन्याचा एक बात १५.१६ ग्रॅम. भाव रोज पाटीवर असतो, घडणावळ वेगळी. भारतात उतरताना सोन्यावरचे सीमाशुल्काचे नियम लागू होतात, ते आधी वाचा. माणकं-नीलम मात्र अजिबात नकोत.

हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू कितीही 'जुन्या' म्हणाले तरी हात लावू नका. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो.

हिशेबनीस
कर परताव्याबद्दल कोणी लिहिलं नाही. किमतीत ७ टक्के व्हॅट धरलेला असतो. एकाच दुकानात एकाच दिवशी २,००० बातांची खरेदी झाली, आणि दुकानावर 'व्हॅट रिफंड फॉर टुरिस्ट्स'चा फलक असेल, तर पासपोर्ट दाखवून त्याच दिवशी फॉर्म करून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी देत नाहीत. पासपोर्टचा मोबाइलमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

विमानतळावरचा क्रम चुकला की पैसे गेले. मोठी रक्कम असेल तर सीमाशुल्काचा शिक्का सामान चेक-इन करण्याआधी, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. मग चेक-इन, मग इमिग्रेशन, आणि पैसे देणारी खिडकी त्यानंतर आत. रोखीने घेतलं तर शुल्क कापतात. सात टक्के पुरे हातात पडत नाहीत, म्हणून दोन-अडीच हजारांच्या खरेदीसाठी एवढी धावपळ करायची का हे ठरवा. चातुचक, साम्पेंगला हे नाहीच.

पानगळ
शाकाहार. इथे 'व्हेज' म्हटलं तरी मासळीचं पाणी (नाम प्ला) पडतं, कारण ते मीठासारखं वापरतात. त्याहून मोठी अडचण वाटणाची : लाल-हिरव्या करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आधीच कुटलेली असते. भाज्यांची करी मागितली तरी ती काढता येत नाही. पॅड थायमध्ये सुकी कोळंबी आणि अंडं, सोम ताममध्ये (कच्च्या पपईची कोशिंबीर) सुकी कोळंबी. तेव्हा 'हे नको, ते नको' सांगण्यापेक्षा 'जे' जेवण शोधा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर, इंग्रजी १७ आकड्यासारखं दिसतं. दुकानात तेच चिन्ह पाकिटावरही असतं. 'जे' म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि कांदा-लसूणही नाही. पदार्थ मांसासारखा दिसला तरी तो सोयाचा किंवा गव्हाच्या चिकाचा असतो, सासूबाईंना आधी सांगा, नाहीतर ताट सरकवतील.

पाठ करायची वाक्यं : 'किन जे' (जे खातो), 'माय साय नाम प्ला' (मासळीचं पाणी नको), 'माय साय खाय' (अंडं नको). शेवटी बाईने 'खा' आणि पुरुषाने 'ख्राप' जोडायचं.

निर्धास्त खाण्यासारखं : नारळाच्या दुधातला आंबा-चिकट भात (आंब्याचा खरा हंगाम एप्रिल-मे, जानेवारीत महाग मिळतो), भाजकी केळी, शहाळं, कापलेली फळं. केळ्याची रोटी घेताना अंडं नको सांगा. असोकच्या टर्मिनल २१ मॉलमधल्या फूड कोर्टात स्वस्त जेवण मिळतं आणि 'जे' गाळा सहसा असतो. नाहीच जमलं तर फाहुरात आहेच.

कथेकरी
अवांतर वाटेल, पण देवळं म्हणालात म्हणून. चिद लोम स्थानकाजवळ उन्नत पदपथावरून फिरत हिंदू देवांची सहज प्रदक्षिणा होते. चौकात एरावन मंदिर, चतुर्मुख ब्रह्मा, १९५६ चा. नवस फेडणारे नर्तकींना पैसे देऊन नाच करवतात. सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर त्रिमूर्ती आणि शेजारी गणपती. त्रिमूर्तीला गुरुवारी रात्री तरुण मुलं-मुली लाल गुलाब घेऊन येतात, प्रेम जुळावं म्हणून. गेसोर्न इमारतीच्या वरच्या मजल्यावर लक्ष्मी. तासा-दीड तासात होतं, सारं सपाट, गुडघ्यांना सोसेल असं.

हुआय ख्वांगच्या चौकातही गणपती आहे, एमआरटी स्थानकाजवळ. उंदराच्या कानात इच्छा सांगायची आणि दुसरा कान हाताने झाकायचा, ही रीत सिद्धिविनायकाला जाणाऱ्यांना शिकवायला नको.

सीलोम रस्त्यावर तमिळांचं मरियम्मन मंदिर आहे, आत फोटो काढू देत नाहीत. आणि सगळ्यांत दुर्लक्षित : वाट सुथातसमोरचा लाल झोपाळ्याचा सांगाडा आणि जवळचं देवस्थान मंदिर, १७८४ चं. राजदरबाराचे ब्राह्मण पुरोहित आजही इथले. झोपाळ्याचा विधी १९३५ मध्ये बंद झाला, कारण उंच झोके घेताना माणसं पडत. जाताना परतीच्या विमानाआधी सुवर्णभूमी विमानतळावर समुद्रमंथनाचं भव्य शिल्प लागेल, तेवढी दहा मिनिटं हाताशी ठेवा.

दक्षता_क
फसवणुकीचे नेहमीचे प्रकार थोडक्यात.

'आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर २० बातांत टुकटुकने फिरवतो.' बंद नसतो. ती टुकटुक रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेते, तिथे दलाली असते. बोलणारा माणूस नीटनेटका, इंग्रजी बोलणारा, कधी स्वतःला शिक्षक म्हणवणारा असतो. थांबायचंच नाही.

टॅक्सी : मीटर लावा म्हणा, नाही म्हणाला तर दार बंद करून पुढची. विमानतळावर पहिल्या मजल्यावरचं यंत्र चिठ्ठी देतं, ती उतरेपर्यंत जपा. मीटरवर ५० बात अधिभार आणि टोल वेगळे. सहा जण एका टॅक्सीत मावणार नाहीत, अ‍ॅपवरून मोठी गाडी मागवा. रेल्वेने यायचं तर विमानतळाची गाडी, मक्कासानला उतरून फेचबुरी एमआरटी, पुढचं स्थानक सुखुमवित.

एटीएम : परदेशी कार्डावर दर वेळी २०० बातांहून जास्त शुल्क. म्हणून एकदाच मोठी रक्कम. 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर वाईट असतो. डॉलर नेत असाल तर १०० च्या, कोऱ्या, न लिहिलेल्या नोटा. लहान नोटांना दर कमी मिळतो.

प्रवेश : टीडीएसी हा ऑनलाइन आगमन अर्ज १ मे २०२५ पासून सक्तीचा. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा, फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. प्रत्येकाचा वेगळा, मुलीचाही. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाची सूचना बघा.

आणि ई-सिगारेट सोबत नेऊ नका, तिथे ती बेकायदा आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकात राष्ट्रगीत लागलं की सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

शमिका_ठाणे
तुम्ही सगळ्यांनी केवढं लिहिलंय! मी असं ठरवतेय, तपासून सांगा.
गुरुवार : दुपारपर्यंत राष्ट्रीय संग्रहालय, संध्याकाळी एरावन ते त्रिमूर्ती, एमबीके.
शुक्रवार : राजवाडा, खोन, वाट फो, वाट अरुण.
शनिवार : डमनोएन सदुआकचा तरंगता बाजार, परतताना चातुचक.
रविवार : प्लॅटिनम, फाहुरात, रात्री यावरात.

गलबत
गुरुवार बरोबर. संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं, तुमचा त्रास नाही. तिथलं राजघराण्याच्या अंत्ययात्रेच्या रथांचं दालन चुकवू नका.

शुक्रवारी खोन आणि दोन्ही देवळं जमवताना ओढाताण होईल. खोन हवा असेल तर वाट अरुण वेगळं काढा, रविवारी सकाळी. ऊनसावलीचंही समाधान होईल.

शनिवार बदला. डमनोएन सदुआक शहरापासून १०० किलोमीटरवर आहे आणि सकाळी लवकरच बरा असतो. नऊनंतर नुसत्या पर्यटकांच्या नावा एकमेकींना घासत उभ्या. तिथून चातुचकला पोहोचेपर्यंत दुपार, आणि सासरे थकलेले. तरंगता बाजार हवाच असेल तर शहरातच ख्लोंग लात मायोम आहे, शनिवार-रविवारी भरतो. खाणं जास्त, नाटक कमी, आणि चढउतारही थोडा.

शमिका_ठाणे
मग शनिवारी सकाळी आम्ही दोघं, नणंद आणि मुलगी चातुचक, सासू-सासरे हॉटेलवर आराम, दुपारनंतर सगळे आयकॉनसायम. रविवारी सकाळी वाट अरुण, मग फाहुरातला जेवण, संध्याकाळी यावरात. प्लॅटिनम कुठे बसवू?

पिशवी_भरा
गुरुवारी एमबीकेऐवजी. सेंट्रलवर्ल्डपासून उन्नत पदपथाने प्लॅटिनमपर्यंत चालत जाता येतं, त्रिमूर्तीच्या आधी उरका. दुकानं संध्याकाळी लवकर आवरायला लागतात, म्हणून चारच्या आत पोहोचा. त्रिमूर्तीला रात्रीच जायचंय, आणि नेमका गुरुवार आहे. सासू-सासरे तोवर सेंट्रलवर्ल्डच्या फूड कोर्टात बसतील.

खलाशी७२
रविवारी वाट अरुणहून फाहुरातला जाताना टॅक्सी करू नका. तराफ्याने था तियेनला परत या, सनाम चायला एमआरटीत बसा, पुढचंच स्थानक साम योत. तिथून फाहुरात चालत पाच-सात मिनिटं. संध्याकाळी यावरातसाठी त्याच मार्गिकेवर आणखी एक स्थानक, वाट मंगकोन.